रेंज नसताना आलेलं उत्तर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला विचार करावा लागत नाही. आत्याचे. माझ्या वडिलांची ही थोरली बहीण. भोंगवलीला दिली होती. नवरा लवकर गेला आणि ती परत वेल्ह्याच्या डोंगरात आमच्या वाडीवर आली. तिने स्वतःच्या शेळ्या-मेंढ्या सांभाळल्या, आणि आई-वडील जनावरांमागे रानात असायचे तेव्हा मलाही तिनेच सांभाळलं.

पाचवीला मला भोरच्या वसतिगृहात घालायचं तिनेच ठरवलं. तिथले साहेब म्हणाले, "बाई, डोंगरातली पोरं टिकत नाहीत. आठवड्यात पळून जातात."

आत्या म्हणाली, "ह्यो न्हाई जायचा. म्या सांगते न्हवं."

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि माझं नाव लिहून घेतलं. पुढे घरची आठवण यायची, स्टँडवर आमच्या बाजूची एसटी उभी दिसायची, पण तिच्यात चढावंसं वाटलं की ते वाक्य आडवं यायचं. मी पळालो असतो तर आत्याच खोटी पडली असती. असा मी दहावी झालो, बारावी झालो आणि पुण्यात कॉम्प्युटरची पदवी घेतली. आमच्या घरात माझ्याआधी पदवी कुणाकडे नव्हती. वाडीतही नव्हती.

आत्याच्या शब्दाची किंमत वाडीला माहीत होती. आमची घरं आठ. डांबरी रस्ता खाली संपतो, एसटी तिथेच वळते आणि वर यायला कच्चा रस्ता आहे. तोही पावसाळ्यात वाहून जातो. फोन नव्हते तेव्हा वाडीचे निरोप खाली नेऊन कंडक्टरला सांगायचं काम आत्या करायची. कुणी नेमलं नव्हतं, पण सगळे तिला सांगणारी म्हणायचे. तिची एक रीत होती. ज्या घराचा निरोप त्या घराचं माणूस तिच्यासमोर उभं पाहिजे. त्याने निरोप सांगायचा, तिने तो जसाच्या तसा म्हणून दाखवायचा, त्याने "व्हय" म्हणायचं, मग पुढचं घर. खाली कंडक्टरला सांगतानाही ती घरं मिसळत नसे. चार घरांना कापूरहोळच्या दुकानातून एकच औषध हवं असलं तरी ती चारदा सांगायची.

कंडक्टर वैतागायचा. "मावशी, कळलं की. एकदा सांगितलं ना तुमी."

"ते त्या घराचं सांगितलं. ह्ये ह्या घराचं."

"औषध तर एकच हाय."

"घर येक न्हाई न्हवं."

मी लहानपणी तिच्यामागे खाली जायचो आणि हे ऐकून हसायचो. पुढे पोटापाण्यासाठी मी जे काम शिकलो, त्यातली एक फार मोठी गोष्ट या भांडणात होती, हे मला फार उशिरा आणि फार वाईट रीतीने कळलं.

पुण्यात मी एका छोट्या कंपनीत नोकरीला आहे. आम्ही वेब सर्व्हिस लिहितो. म्हणजे लोकांच्या फोनवर जे पान दिसतं त्याच्या मागची, न दिसणारी बाजू. फोनकडून मागणी येते, आमचा सर्व्हर ती घेतो आणि उत्तर पाठवतो. भोरकडच्या एका संस्थेची जनावरांच्या डॉक्टरांची फिरती गाडी आहे. ती डोंगरातल्या वाड्यांवर जाऊन लस टोचते. कोणत्या वाडीवर किती लस न्यायची याची नोंद आमच्या सर्व्हिसवर होते. हे काम आधी ज्या सहकाऱ्याकडे होतं तो नोकरी सोडून गेला आणि ते माझ्याकडे आलं. मला त्याचा फार आनंद झाला. आपण शिकलो त्याचा आपल्या डोंगराला उपयोग होतोय, असं वाटलं.

सर्व्हिस सोपी होती. प्रत्येक वाडीचं एक पान. त्यावर मेंढीचं चित्र आणि खाली मोठं हिरवं बटण, "लस हवी". बटण दाबलं की "नोंद झाली" अशी अक्षरं यायची. एकदा दाबलं की एक घर धरायचं, आणि एका घरामागे गाडीत लशीची एक बाटली ठेवायची. नावगाव टाइप करायला डोंगरातल्या माणसाला जड जातं म्हणून ते विचारतच नव्हते. ते डॉक्टर वर आल्यावर लिहून घेत.

यादीत आमची वाडी मीच घातली. वाडीत मोठ्या पडद्याचा फोन एकच, मी आत्याला घेऊन दिलेला. आमच्याकडे रेंज फक्त खिंडीतल्या उंबराखाली येते. म्हणून तो फोन दिवसभर प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंबराला टांगलेला असतो आणि वाजला की जवळ असेल तो पळतो. मी आत्याला "झाली" हा शब्द कसा दिसतो ते दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण तो शब्द तिने अंगणात काडीने गिरवून पाठ केला. वाडीला मी सांगितलं, आता गाडीसाठी खाली जाऊन कंडक्टरला सांगत बसू नका. बटण दाबा, "झाली" आलं की झालं.

यंदा उन्हाळ्याच्या शेवटी आंत्रविषाराची लस यायची होती. पाऊस पडून कोवळं गवत उगवलं की मेंढ्या अधाशासारख्या खातात आणि सकाळी धडधाकट असलेली मेंढी दुपारी उभ्या उभ्या कोसळते. लस त्याआधी टोचावी लागते. पाऊस लागल्यावर रस्ता जातो आणि गाडी वर येत नाही. ही सगळी घाई सगळ्यांना माहीत होती.

नोंदीच्या दिवशी संध्याकाळी आत्याचा फोन आला. सकाळी आठही घरांची माणसं उंबराखाली आली होती. तिने रीत सोडली नव्हती. एकेक घर समोर उभं केलं, "तुमच्या घराला लस पायजे न्हवं?" असं विचारलं, त्याने "व्हय" म्हटल्यावर बटण दाबलं आणि उमटलेली अक्षरं त्याला दाखवली.

"पयल्या टायमाला लई येळ फिरत बसलं," ती म्हणाली. "मग मातुर रेंज लागली बग. दाबलं की झाली, दाबलं की झाली. तुज्या कंपनीचं काम चोख हाय लेका."

मला भरून आलं होतं, हे मी लपवत नाही.

तीन दिवसांनी, गाडी यायच्या दिवशी, मी रजा काढून वाडीवर गेलो. सगळ्यांनी मेंढ्या रानात सोडल्या नव्हत्या. वाघरं लावली होती, म्हणजे जाळीचे कोंडवाडे, आणि आठही वाघरांत कळप दाटून उभे होते. गाडी धुरळा उडवत आली. डॉक्टर उतरले, तरुणच होते. त्यांनी बर्फाची पेटी उघडली. मी जवळ उभा होतो. पेटीत लशीची एकच बाटली होती.

डॉक्टरांनी सभोवार पाहिलं. "एवढी जनावरं कुणाची?"

"आमचीच की. आठ घरांची," आमचे तात्या म्हणाले. तात्या म्हणजे वाडीतले सगळ्यात थोरले, आमच्या भावकीतलेच. चौथीपर्यंत शिकलेले.

"आमच्याकडे या वाडीचं एकच घर आहे. एका घराची नोंद, एक बाटली."

"तसं कसं? आठ घरांचं बटान दाबलंया. म्या सोता 'झाली' बगितलंय."

डॉक्टरांनी मोबाईलवर उतरवून आणलेली यादी दाखवली. आमच्या वाडीपुढे एक आकडा होता.

तात्या आत्याकडे न बघता म्हणाले, "येकाच घराची. कोनाच्या घराची, त्ये आता काय इचारायचं? फोन जिचा, भाचा जिचा, तिचीच."

आत्या म्हणाली, "तात्या, तुमच्या म्होरं दाबलं न्हवं म्या?"

"दाबलं की. बोट लावलं आन झाली झाली दावलं. आमाला काय कळतंय त्यातलं? आमी आडानी. तुजा भाचा कंपनीत हाय. त्यानं सांगितलं आसंल, आत्ये, तुजं तेवडं खरं, बाकीच्यांना नुसतं दाव."

मी चिडलो. चिडलो म्हणण्यापेक्षा मला खात्री होती. आत्याने आठ वेळा दाबलं म्हणजे आठ मागण्या सर्व्हरवर आल्याच असणार. यादी बनवताना संस्थेकडून चूक झाली असणार. सर्व्हर आलेली प्रत्येक मागणी लिहून ठेवतो, तिथे आठ ओळी असतील. मी माझा फोन घेऊन उंबराखाली गेलो. सगळे मागे आले. मी ऑफिसातल्या आमच्या सीनियरना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"सर, आमच्या वाडीच्या नोंदी बघता का? किती आल्यात?"

कळफलकाची टकटक ऐकू आली. मग ते म्हणाले, "एकच आहे."

"सर, नीट बघा. आठ असतील."

"अरे, एकच. त्या दिवशी सकाळी आलेली. त्यानंतर त्या वाडीवरून काहीच आलेलं नाही. बाकीच्यांनी दाबलंच नसेल."

मी स्पीकर बंद केला, पण ऐकायचं ते सगळ्यांनी ऐकलं होतं. आत्याला सोडवायला मी जो साक्षीदार उभा केला त्यानेच तिच्याविरुद्ध साक्ष दिली. आणि तो साक्षीदार खोटं बोलत नाही, हे त्या उंबराखाली माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. सर्व्हर न आलेली मागणी लिहीत नाही आणि आलेली विसरत नाही. आत्याही खोटं बोलत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, हे मला समजेना.

आत्या माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. वसतिगृहातून सुटीला आल्यावर पुस्तकातलं काही विचारायची, तशी.

"मग आमाला 'झाली' कोन म्हनलं?"

मी फोन खिशात घातला आणि सगळ्यांमागून खाली उतरलो.

डॉक्टर खाली वाघरांपाशी म्हणाले, "बाटली उघडली की आजच संपवावी लागते. कोणाच्या वाघरात चलायचं?"

"ज्याची नोंद त्याच्यात," तात्या आत्याला म्हणाले. "चला आक्का, सोडा वाघर."

आत्या आपल्या वाघराच्या तोंडाशी जाऊन बसली. "माज्या वाघरात कुनी पाय ठिवायचा न्हाई. तात्यांच्या मेंढ्यांना टोचा."

तिने तसं केलं नसतं तर ती चोर ठरली असती. तसं केलं तर चोरी अंगलट आल्यावर शरमली, असं म्हणायला लोक मोकळे झाले. मला हे दोन्ही तिथे उभं राहून दिसत होतं. बाटली तात्यांच्या कळपात संपली. डॉक्टर म्हणाले की रस्ता आहे तोवर पुन्हा यायला जमलं तर बघतो. गाडी गेली. लोक आपापली वाघरं सोडायला निघून गेले. नेहमी कुणीतरी म्हणतं, आक्का चहा ठेवा. त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.

संध्याकाळी दोन घरांतली माणसं निरोप द्यायला स्वतः खाली उतरून गेली. आमच्या दारावरूनच गेली. आत्या उंबऱ्यात बसून बघत होती. मग उठली, खिंडीत गेली आणि झाडाला टांगलेला फोन काढून आणून ज्वारीच्या डब्यात ठेवला.

"आत्या, तो तिथंच राहू दे. मला फोन करायचा झाला तर?"

"कुनाचा निरोप न्यायचाय आता त्येच्यावर?" ती म्हणाली. "तू जा उंद्या. कामाला जा. रजा किती खर्चशील?"

दुसऱ्या दिवशी मी भोरला जाणाऱ्या एसटीत बसलो. एसटी जिथे वळते तिथे जेमतेम रेंज येते. मनात तेच चाललं होतं म्हणून मी माझ्या फोनवर सर्व्हिस उघडली. तपासणीसाठी आम्ही एक खोटी वाडी ठेवलेली असते, तिचं पान उघडून हिरवं बटण दाबलं. चाक फिरलं. "नोंद झाली." सगळं व्यवस्थित. गाडी सुटली. वळणावळणाच्या रस्त्याला लागलो की बराच वेळ रेंज अजिबात नसते, ते प्रवाशांना सवयीचं आहे. बोलणारे आपोआप फोन खिशात ठेवतात. मी मात्र पान तसंच उघडं ठेवून बसलो होतो. "नोंद झाली"वरून मागे बटणाच्या पानावर आलो आणि नुसतंच, हाताला चाळा म्हणून, पुन्हा बटण दाबलं.

"नोंद झाली."

मी फोनच्या वरच्या कोपऱ्यात बघितलं. रेंजची एकही काडी नव्हती. नेटही नव्हतं. मी पुन्हा दाबलं. लगेच, क्षणभरही न थांबता, तीच हिरवी अक्षरं आली. सर्व्हर पुण्यात, मी डोंगराआड, मधे कसलाही धागा नाही, आणि फोन मला सांगत होता की तुमची नोंद झाली. मी बहुधा उभा राहिलो असेन.

शेजारी सारोळ्याला निघालेले एक म्हातारे होते. ते म्हणाले, "बसा की. काय भूत बघितलं का मोबाईलमदी?"

"बाबा, हा फोन बोलतोय," मी म्हणालो.

"त्यो बोलायसाठीच घेतला न्हवं?"

मी बसलो. दाबलं की झाली, दाबलं की झाली. आत्याने फोनवर सांगितलं होतं, रेंज बरी लागली. रेंज बरी लागली नव्हती. पहिलं उत्तर सर्व्हरचं होतं आणि बाकीची सात फोनने आपल्याच खिशातून काढून दिली होती.

भोरच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या मी सीनियरना फोन लावला. "सर, त्या बटणाचा कोड उघडा. मागणी कोणत्या पद्धतीने जाते ते बघा."

"गेटने जाते," ते म्हणाले.

"आणि उत्तराचे हेडर वाचा."

ते वाचू लागले आणि मधेच थांबले. मग सावकाश म्हणाले, "साठवायला परवानगी आहे. सात दिवस."

हे जरा समजावून सांगायला हवं. फोनने सर्व्हरशी बोलायच्या काही ठरलेल्या पद्धती आहेत. गेट म्हणजे विचारणं. पोस्ट म्हणजे काहीतरी देणं, पोचवणं. आणि सर्व्हरच्या उत्तरावर काही ओळी असतात, त्यांना हेडर म्हणतात. त्या माणसाला दिसत नाहीत, फोन वाचतो. उत्तर किती काळ जपून ठेवायचं, हे त्या ओळींत लिहिलेलं असतं. विचारण्याचं उत्तर जपून ठेवता येतं. एसटी किती वाजता सुटते हे एकदा कळलं की दर वेळी स्टँडवर जाऊन विचारायला नको. निरोप देणं मात्र असं जपून ठेवता येत नाही. तो दर वेळी पोचवावाच लागतो. आमच्या सर्व्हिसमध्ये बटणाचं काम होतं निरोप देण्याचं, पण ते लिहिलं होतं विचारण्याच्या पद्धतीने. वर हेडरमध्ये परवानगी होती की हे उत्तर सात दिवस जवळ ठेवा. ज्याने ती ओळ घातली त्याचा हेतू चांगलाच होता. डोंगरात रेंज कमी, पान पटकन उघडावं. पुण्यात तपासताना आम्ही प्रत्येकाने आपापल्या फोनवरून एकदाच दाबलं, आणि प्रत्येक नोंद नीट पोचली. आठ घरं एका झाडाखाली एकाच फोनवर एकामागून एक दाबतील, हे कुणाच्या डोळ्यांसमोर आलं नव्हतं. दुसऱ्या घरासाठी आत्याने बटण दाबलं तेव्हा फोन त्या कंडक्टरसारखाच म्हणाला, कळलं की, एकदा सांगितलं ना. कंडक्टरशी ती भांडू शकत होती. फोन हिरव्या अक्षरांत "झाली" म्हणाला आणि ती गप्प बसली, कारण तो शब्द आला की झालं असं मीच तिला शिकवलं होतं.

सीनियर म्हणाले, "मी आत्ताच बदलतो. पोस्ट करतो, साठवणं बंद करतो. तू तिथेच थांब."

मी स्टँडवरच्या हॉटेलात चहा मागवून बसलो. थोड्या वेळाने त्यांचा मेसेज आला, सर्व्हरवर बदल चढवला. मी फोन काढला, पान उघडलं, बटण दाबलं. आता पूर्ण रेंज होती.

"नोंद झाली." क्षणात. मी सीनियरना विचारलं, काही आलं का? ते म्हणाले, नाही.

हा धक्का मला आधीच्यापेक्षा जास्त बसला. आम्ही सर्व्हर बदलला होता, पण माझा फोन सर्व्हरला विचारतच नव्हता. जुनं पान, जुनं बटण, जुनं उत्तर, सगळं त्याच्याजवळ होतं आणि सात दिवस जवळ ठेवायला आम्हीच त्याला सांगितलं होतं. आता तो आमचं ऐकायला येणारच नव्हता. एकदा दिलेली परवानगी परत मागायला आमच्याकडे वाटच नव्हती. माझ्या फोनची जी गत तीच ज्वारीच्या डब्यातल्या फोनची. आत्याने पुन्हा विश्वासाने बटण दाबलं असतं तर त्याने पुन्हा आठ वेळा "झाली" म्हटलं असतं आणि पुन्हा कुणीच आलं नसतं. मग ती वाडीत कायमची खोटी ठरली असती.

सीनियरनी वाड्यांच्या पानांचे पत्ते बदलले, म्हणजे नव्या पत्त्यावर जुनं उत्तर कुणाच्या फोनमध्ये असायचा प्रश्न नाही. आमच्या वाडीची सात घरं त्यांनी स्वतः यादीत चढवली. संस्थेत फोन करून त्यांनी झाला प्रकार स्वतःच्या तोंडाने सांगितला, आणि इतर वाड्यांनाही फोन करून विचारा, असंही सुचवलं. डॉक्टरांनी शनिवारी वर यायचं कबूल केलं.

राहिलं ते आत्याचं. गाडी आली, लस आली, तरी लोक म्हणणार की पकडली गेली म्हणून भाच्याने दुसऱ्यांदा गाडी आणवली. त्यांना समजेल असं काहीतरी पोचवायला हवं होतं. तिचा फोन डब्यात, रेंजबाहेर. वर जाणारी शेवटची एसटी सुटायला आली होती, पण सगळ्या वाड्यांचा घोळ निस्तरायला सीनियरनी मला ऑफिसात बोलावलं होतं. मी हॉटेलवाल्याकडून कागद मागून घेतला आणि तिथेच पत्र लिहिलं. लिहून झाल्यावर त्याचा फोटो काढून ठेवला आणि वर जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. हे तेच, आत्याला वैतागणारे. आता निवृत्तीला आलेत.

त्यांनी घडी केलेला कागद उलटासुलटा करून पाहिला. "सांगणाऱ्या मावशीला व्हय? इतकी वर्षं त्यांचे निरोप म्या खाली आनले. वर न्यायचा ह्यो पयलाच."

"मामा, तिच्याच हातात द्या."

"देतो. येकदाच सांगा मातुर," ते म्हणाले आणि हसले.

शनिवारी गाडी वर गेली तेव्हा पेटीत बाटल्या पुरेशा होत्या. पत्राचं काय झालं ते आत्याने रविवारी सांगितलं. पत्र तात्यांनीच वाचलं, सगळ्यांसमोर, अडखळत. वाचून झाल्यावर ते फोन घेऊन एकटे वाघराकडे गेले. परत आले आणि फोन आत्याच्या हातात दिला. आत्याच्या मेंढ्यांना टोचताना एकेक मेंढी धरून डॉक्टरांपुढे आणायला शनिवारी तेच उभे होते. रविवारी सकाळी ते तिच्या दारात आले आणि म्हणाले, "आक्का, लेकीला निरोप धाडायचाय. म्हनून दाव."

आत्या हे मला उंबराखालून सांगत होती. फोन पुन्हा झाडाला लागला होता.

ते पत्र असं होतं.

"आत्या,

हे पत्र कंडक्टर मामांच्या हाती देतोय. ते तात्यांकडून वाचून घे. दुसऱ्या कुणाकडून नको. तात्या, तुम्ही मोठ्याने वाचा आणि आठही घरांना बोलवा.

आत्या, तू मला विचारलंस, आमाला झाली कोण म्हणालं. मला तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगतो. पहिल्या घराला सर्व्हरने सांगितलं. बाकीच्या सात घरांना तुझ्या हातातल्या फोनने सांगितलं. तुमचा निरोप डोंगराबाहेर गेलाच नाही. पहिल्या घराला मिळालेलं उत्तर त्याने जपून ठेवलं होतं, तेच तो पुढच्या प्रत्येक घराला दाखवत गेला. असं करायला त्याला आमच्या कंपनीने सांगितलं होतं. तू आठ वेळा दाबलंस. मला ते पहिल्यापासून माहीत होतं, पण कसं ते कळत नव्हतं.

तात्या, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. मी तिचा भाचा आहे. फोन डब्यातून काढा, उंबराकडे नेऊ नका. खाली तुमच्या वाघरापाशी न्या, तिथे कधीच रेंज येत नाही. तिथे ते हिरवं बटण तुम्ही स्वतः दाबा. 'नोंद झाली' असं येईल. मग विचार करा, तिथे उभं राहून कोण कुणाशी बोललं.

शनिवारी गाडी येतेय. सगळ्यांच्या बाटल्या घेऊन येतेय, डॉक्टरांनी कबूल केलंय. वाघरं लावून ठेवा. ते जुनं बटण आता कुणीही दाबू नका. मी नवीन पान पाठवीन. त्यावर प्रत्येक घराला प्रत्येक वेळी सर्व्हरकडूनच उत्तर येईल, मग रेंजसाठी कितीही थांबावं लागो. उत्तर लगेच आलं तर खुशाल संशय घ्या.

आत्या, तू कंडक्टर मामांना म्हणायचीस, ते त्या घराचं, हे ह्या घराचं. मी आजपर्यंत त्याला हसत होतो. आज ऑफिसात जाऊन मी पहिलं काम तेच करणार आहे. सर्व्हरला तेवढंच शिकवणार आहे.

फोन झाडाला लाव. मी रविवारी करतो."